संतपटातील मोहाचे स्थान : 'संत तुकाराम' (१९३६) आणि काही फ्रेंच धर्मगुरुपट

प्रस्तावना

श्रद्धा आणि मोह यांचा संघर्ष हा धर्मविषयक चित्रपटांचा जुना विषय होय. फ्रेंच चित्रपटसृष्टीत या विषयाची एक स्वतंत्र वाटच तयार झालेली असून तिच्या केंद्रस्थानी कॅथलिक धर्मगुरू उभा आहे. रोबेर ब्रेसाँ यांचा 'खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी' (१९५१), ज्याँ-पिएर मेलव्हिल यांचा 'लेआँ मोरँ, धर्मगुरू' (१९६१) आणि मोरिस पिआला यांचा 'सैतानाच्या सूर्याखाली' (१९८७) हे या वाटेवरील तीन ठळक टप्पे मानता येतील. यांपैकी पहिला आणि तिसरा हे दोन्ही चित्रपट जॉर्ज बर्नानोस या कादंबरीकाराच्या साहित्यकृतींवर आधारलेले आहेत. योगायोग असा की, बर्नानोस यांची 'रोजनिशी' ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

या योगायोगाला त्याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही. परंतु ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता एक प्रश्न स्पष्ट होतो आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. श्रद्धावान माणसाच्या कथेत मोह नेमका कोठे राहतो? फ्रेंच चित्रपटांचे उत्तर सरळ आहे. तो धर्मगुरूच्या अंतःकरणात राहतो. 'संत तुकाराम'चे उत्तर वरवर पाहता गणिकेच्या प्रसंगात सापडते आणि आपल्याकडील बहुतेक चर्चा तेथेच थांबते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते उत्तर अपुरे आहे. या चित्रपटातील मोहाचे खरे स्थान तुकारामांचे घर हे असून त्याची बाजू मांडणारी व्यक्ती जिजाई होय. चित्रपट तिला शेवटपर्यंत हरवत नाही, आणि हे त्याचे मोठेपण आजवर पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही.

पद आणि माणूस

फ्रेंच चित्रपट समजून घेण्यासाठी कॅथलिक धर्मगुरुपदाची घडण थोडी लक्षात घ्यावी लागते. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे नवे नाही. इतर विषयांच्या अध्यापकांसाठी येथे थोडक्यात सांगतो. पाश्चात्त्य चर्चमधील धर्मगुरू ब्रह्मचर्याने बांधलेला असतो. धर्मगुरूचा विवाह मुळातच अवैध, असा निर्णय ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत झाला. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा देणे ही कर्मे तो आपल्या पदाच्या अधिकाराने करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या कर्मांचे फल धर्मगुरूच्या वैयक्तिक योग्यतेवर अवलंबून नाही, असे चर्चचे मत आहे. धर्मगुरू स्वतः पापी असला, त्याचा विश्वास डळमळला असला, तरी त्याने दिलेली क्षमा ही क्षमाच राहते.

नाट्यदृष्ट्या ही फार उपजाऊ जमीन आहे. पद अढळ आणि माणूस ढळणारा! ब्रेसाँ यांच्या चित्रपटात आंब्रीकूर नावाच्या खेड्यात आलेला तरुण धर्मगुरू (क्लोद लेदू) पोटाच्या असाध्य दुखण्याने झिजत असतो. शिळी पोळी आणि वाईन यापलीकडे त्याला अन्न सोसत नाही. गाव त्याला मद्यपी समजते. त्याला स्वतःला प्रार्थना करता येईनाशी होते. आणि तरीही मुलाच्या मृत्यूने देवावर रुसलेल्या उमराव स्त्रीला तो ज्या शांतीपर्यंत नेतो, ती शांती त्याच्याजवळ मुळीच नाही. देणाऱ्याच्या झोळीत जे नाही ते घेणाऱ्याला मिळते, हा त्या प्रसंगाचा गाभा आहे. ब्रेसाँ हे सारे रोजनिशी लिहिणारा हात, कागद आणि निवेदकाचा सपाट आवाज यांतून सांगतात. चमत्कार तेथे कोठेच दिसत नाही.

मेलव्हिल यांच्या चित्रपटात मोहाचे रूप अधिक परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धातील परकीय अंमलाखालच्या एका लहान शहरात बार्नी ही विधवा, निरीश्वरवादी, साम्यवादी विचारांची स्त्री केवळ खोडी काढावी म्हणून पापनिवेदनाच्या खिडकीशी जाते. समोरचा तरुण धर्मगुरू (ज्याँ-पॉल बेलमोंदो) चिडत नाही. तो तिला पुस्तके देतो, वाद घालतो. ती हळूहळू श्रद्धेकडे वळते आणि त्याच वेळी त्याच्या प्रेमात पडते. आपण प्रॉटेस्टंट असता तर माझ्याशी विवाह केला असता काय, असे ती त्याला विचारते, तेव्हा तो तिच्या घरी लाकडे फोडीत असतो. उत्तर न देता तो कुऱ्हाड लाकडात रोवतो आणि निघून जातो. त्याच्या मनात काय आहे हे आपल्याला सांगितले जात नाही, कारण चित्रपट बार्नीच्या बाजूने पाहतो. बेआत्रीस बेक यांची मूळ कादंबरी १९५२ साली गाँकूर पुरस्काराची मानकरी ठरली होती आणि तिच्यावरून २०१७ मध्ये पुन्हा एक चित्रपट निघाला. यावरून या कथेचे फ्रेंच मनावरील आकर्षण ध्यानात यावे.

पिआला यांच्या चित्रपटाला १९८७ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले तेव्हा सभागृहात हुर्यो उडवली गेली. त्यातील दोनिसाँ हा धर्मगुरू (जेरार दपार्दिए) स्वतःच्या देहाला आसूड मारून घेतो. रात्रीच्या वाटेवर घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या रूपात त्याला सैतान भेटतो. पुढे एक आई आपल्या मृत मुलासाठी त्याला बोलावून घेते. तो मुलाला उचलतो, मूल डोळे उघडते. पण हे बळ देवाचे की त्या रात्रीच्या सोबत्याचे, याची खात्री त्याला नाही. या आईची आठवण वाचकांनी ठेवावी, कारण पुढे तिच्यासारखीच एक आई आपल्याला देहूच्या देवळात भेटणार आहे.

प्रभातचा संतपट

'संत तुकाराम' निघाला तेव्हा प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात येऊन तीन वर्षे झाली होती. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे दोघे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. दामले ध्वनिलेखनाचे जाणकार आणि फत्तेलाल कलादिग्दर्शक. वारकरी संतावरील मराठीतील सर्वमान्य चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान होता, ही गोष्ट त्या काळी कोणाला खटकली नाही आणि ती आज मुद्दाम सांगावी लागते, याची नोंद येथे जाता जाता करतो. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, पदरचना शांताराम आठवल्यांची, संगीत केशवराव भोळे यांचे. बीज आणि वृक्ष यांवरील आठवल्यांचे पद अनेक जाणकारांनाही तुकारामांचाच अभंग वाटले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. चित्रपट ५० आठवड्यांहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली.

तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. त्यांच्या तुकारामांच्या चालण्या-बोलण्यात जो मृदूपणा आहे त्याचा या पूर्वायुष्याशी संबंध असावा, असे वाटते. जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरी यांना अभिनयाचे कसलेही औपचारिक शिक्षण नव्हते. प्रभातमध्ये लहानसहान कामे करणाऱ्यांपैकी त्या एक. पुढे ब्रेसाँ यांनी व्यावसायिक नटांना दूर ठेवून अप्रशिक्षित माणसे घेण्याचा आग्रह तत्त्व म्हणून धरला. प्रभातमध्ये ते त्याआधीच, कोणत्याही तत्त्वाचा डांगोरा न पिटता, घडून गेले होते.

चित्रपटाचा कथाधार मुख्यत्वे महिपतीने अठराव्या शतकात रचलेली संतचरित्रे आणि लोकांच्या तोंडी असलेल्या आख्यायिका हा आहे. कला-समीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटाचा विचार सत्यजित राय यांच्या 'देवी' (१९६०) या चित्रपटासोबत केला, तर दिग्दर्शक कुमार शाहानी यांनी प्रभातच्या संतपटांवर स्वतंत्रपणे लिहिले. या लेखनाने आपल्या अभ्यासकांना एक गोष्ट शिकवली. चमत्कारांमुळे या चित्रपटाला भाबडे ठरवणे हाच मोठा भाबडेपणा होय.

सालोमालो : येथला खरा पुजारी

फ्रेंच चित्रपटांतील धर्मगुरूची तुलना आपण सहजपणे तुकारामांशी करतो. परंतु ती तुलना मुळातच चुकीच्या जागी होते. तुकारामांना कोणतेही धार्मिक पद नव्हते. ते कुणबी, वाण्याचा व्यवसाय करणारे, बायकामुलांचे गृहस्थ. ब्रह्मचर्याची शपथ त्यांनी घेतलेली नव्हती. वारकरी संप्रदाय ती मागतही नाही. पद असलेला माणूस या चित्रपटात वेगळाच आहे, आणि तो म्हणजे सालोमालो. देवळावर त्याची सत्ता आहे, कीर्तनाचा मान त्याचा आहे. गणिकेकडे जाणाराही तोच. तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवण्याचा मोह त्यालाच होतो. सालोमालो हे नाव वाशीकरांच्या कल्पनेतून आलेले नाही. दुसऱ्याच्या रचनेत आपले नाव घुसडणाऱ्या या गृहस्थाचा उल्लेख गाथेतच येतो. चित्रपटाने त्याला देहूत तुकारामांचा छळ करणाऱ्या मंबाजीच्या आख्यायिकेशी जोडून एक पात्र उभे केले आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच तुकाराम विठ्ठलासमोर साधेपणाने गातात आणि पाठोपाठ तेच पद सालोमालो नाटकी ताना घेत, हावभाव करीत आळवतो. केवळ गाण्याच्या पद्धतीतून दोन माणसांची श्रद्धा आपल्यासमोर ठेवली जाते. ध्वनीची जाण असलेल्या दामल्यांच्या हातून हे व्हावे, यात नवल नाही.

मात्र येथेच चित्रपटाची एक मर्यादाही मान्य करावी लागते. पद आहे पण आत श्रद्धा नाही, ही सालोमालोची अवस्था ब्रेसाँ किंवा पिआला यांच्या हाती एका मोठ्या शोकांतिकेचे बीज ठरली असती. नांदरेकरांनी ही भूमिका चोख वठवली आहे, पण संहितेने त्याला हास्यास्पद खलनायकाच्या पलीकडे जाऊ दिलेले नाही. एकांतात विठ्ठलासमोर उभा असलेला सालोमालो आपल्याला कधी दिसत नाही. तुकारामांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची आज्ञा करणारे रामेश्वरशास्त्री पुढे त्यांचे भक्त होतात. विद्येचा अभिमान गळून पडण्याचा तो प्रवासही चित्रपट घाईने उरकतो. पुजाऱ्याच्या अंतरंगाची मराठी कथा प्रभातने सांगितली नाही, असेच म्हणावे लागेल.

गणिकेचा प्रसंग

सालोमालो तुकारामांना भ्रष्ट करण्यासाठी गणिकेला पाठवतो. मोहाचा अधिकृत प्रसंग हाच. कथेच्या दृष्टीने तो आवश्यक आहे आणि प्रेक्षकांना प्रियही. पण तुकारामांच्या बाजूने पाहिले तर येथे काहीच घडत नाही. त्यांचे मन क्षणभरही हेलावत नाही. परस्त्रीकडे मातेच्या भावाने पाहण्याची जी वृत्ती गाथेत आहे, तीच पागनिसांच्या चेहऱ्यावर आहे. जे काही बदलते ते गणिकेत बदलते. मोह घालायला आलेली स्त्री भजनात विरघळते आणि भक्त होऊन परतते.

दोनिसाँ किंवा मोरँ यांच्या तुलनेत हा तुकाराम मानसिकदृष्ट्या सपाट आहे, अशी टीका यावर होऊ शकते. पाश्चात्त्य पद्धतीच्या समीक्षेत वाढलेल्या आपल्या काही अध्यापकमित्रांकडून ती ऐकायलाही मिळते. ही टीका गाथेच्या तुकारामांना विसरते, हा तिच्यावरील पहिला आक्षेप. गाथेतील तुकारामांइतका स्वतःच्या मनाशी भांडणारा, स्वतःच्या पतितपणाची कबुली देणारा, देवाच्या अस्तित्वाविषयीही उद्विग्न होणारा कवी मराठीत दुसरा नाही. सदानंद मोरे यांच्या 'तुकाराम दर्शन' (१९९६) मध्ये या झगड्याचा विस्ताराने विचार आलेला आहे. चित्रपटाने हा आतला झगडा गाळला, हे खरे. परंतु तो गाळून चित्रपटाने संघर्षच टाळला असे नव्हे. त्याने तो घराबाहेरून घरात आणला.

जिजाई

तुकारामांच्या चरित्राचा आर्थिक तपशील आपण फार लवकर ओलांडतो. घरात परंपरेने महाजनकी आणि सावकारी होती. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगा गेला. व्यापार बसला. त्यानंतर कर्जखतांची वाटणी झाली आणि तुकारामांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावाला दिली, असे परंपरा सांगते. ही गोष्ट मोठी सूचक आहे. दुसऱ्याच्या हक्काच्या वस्तूचा त्याग आपण करू शकत नाही, हे तुकारामांना ठाऊक होते. मग स्वतःच्या वाट्यात जिजाईचा आणि लेकरांचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या गुळवे सावकारांची ही लेक. तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला व्यापारासाठी भांडवल दिले आणि त्याने मिळालेले सर्व एका अडलेल्या माणसाला देऊन टाकले, ही कथा महिपती सांगतो. ती सांगताना त्याचा कल अर्थातच तुकारामांच्या औदार्याकडे आहे.

संतचरित्रांनी जिजाईला, म्हणजे आवलीला, कजाग बायको ठरवले. सॉक्रेटिसाच्या झांटिपीप्रमाणे ती एक उपयुक्त पात्र झाली. तिच्या कर्कशपणामुळे नवऱ्याची शांती उठून दिसते. प्रभातच्या चित्रपटाने हे पात्र हाती घेतले आणि, दिग्दर्शकांच्या हेतूविषयी तर्क न करताही म्हणता येईल की, गौरी यांच्या अभिनयाने ते पालटून गेले. त्यांची जिजाई भांडते, पण तिच्या प्रत्येक भांडणामागे चूल आहे. पीठ संपले आहे, मूल आजारी आहे, म्हैस राखायची आहे. तिच्या बोलण्यात तत्त्वज्ञान नाही आणि तक्रारीत खोटे काही नाही.

दोन प्रसंगांकडे विशेष लक्ष द्यावे. भजनात रमलेल्या नवऱ्यासाठी जिजाई जेवण घेऊन रानात, डोंगरावर जाते. भंडारा डोंगराच्या आख्यायिकेतून आलेला हा प्रसंग चित्रपटाने मोठ्या प्रेमाने चित्रित केला आहे. रागावलेली ती नवऱ्याला जेवू घालते, आणि त्या दोघांत क्षणभर असा काही जिव्हाळा दिसतो की, हे लग्न केवळ संताच्या मार्गातील अडथळा नाही हे प्रेक्षकाला कळून चुकते. तुकाराम देवाला शोधत डोंगर चढतात. तोच डोंगर जिजाई तुकारामांसाठी चढते. भक्तीची ही दुसरी जात चित्रपट आपल्यासमोर ठेवतो आणि तिच्यावर भाष्य करीत नाही.

दुसरा प्रसंग देवळातला. मूल आजारी आहे, औषधाला पैसे नाहीत, नवरा विठ्ठलाचे नाव घेत बसला आहे. जिजाई मुलाला घेऊन तडक देवळात जाते आणि पायातली वहाण काढून विठ्ठलाच्या मूर्तीवर उगारते. १९३६ च्या मराठी प्रेक्षकासमोर, संतपटात, देवावर उगारलेली वहाण! आजच्या वातावरणात असे दृश्य कोणी नव्याने लिहील काय आणि लिहिले तर त्याचे काय होईल, याचा विचार वाचकांनी करावा. मूल पुढे बरे होते. पिआला यांच्या चित्रपटातील आई धर्मगुरूला शरण जाते आणि चमत्कारानंतर संशय उरतो. जिजाई कोणालाही शरण जात नाही. ती देवाशी थेट हिशेब मांडते आणि चमत्कारानंतर तिच्या मनात संशयही उरत नाही, कृतज्ञतेचा उमाळाही फार काळ टिकत नाही. दुसऱ्या दिवशीची भाकरी तर थापायचीच असते.

तात्त्विक भाषेत मांडायचे तर, फ्रेंच धर्मगुरू एकटा आहे. त्याच्या त्यागाचे मोल तोच देतो. आंब्रीकूरच्या धर्मगुरूच्या उपासमारीत दुसरे कोणी उपाशी राहत नाही. ब्रह्मचर्याच्या नियमामागील एक व्यावहारिक शहाणपण येथे दिसते. गृहस्थ संताची गोष्ट तशी नाही. त्याच्या वैराग्याची किंमत ज्यांनी वैराग्य घेतलेले नाही त्यांनाही मोजावी लागते. म्हणून घराची गरज ही त्याच्यासमोर मोह म्हणून येते, पण ती गरज मोह नसतेच; ते कर्तव्यही असते. गणिकेला नकार देणे सोपे आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला नकार कसा द्यावा? वारकरी परंपरेने संसारात राहून परमार्थ करण्याचा जो मार्ग सांगितला, त्यातील सर्वांत अवघड वळण हे आहे, आणि अभंगांच्या निरूपणात ते सहसा झाकले जाते.

नजराणा

शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकाराम परत करतात, हा प्रसंग निःस्पृहतेचा आदर्श म्हणून शालेय पुस्तकांपासून कीर्तनांपर्यंत सर्वत्र सांगितला जातो. चित्रपटातही तो आहे. मात्र येथे तो एका रिकाम्या घराच्या पार्श्वभूमीवर घडतो. आलेल्या धनाकडे तुकाराम पाहतात तेव्हा त्यांना माती दिसते. जिजाईला त्यात वर्षभराचे धान्य दिसणार, हे प्रेक्षकाने आधीची दृश्ये पाहिली असल्यामुळे सांगावे लागत नाही. नकार देणारा एक आणि त्या नकाराने रिकामे राहणारे हात अनेक.

मुळशी तालुक्यातील महाविद्यालयात हा चित्रपट शिकवताना या प्रसंगापाशी वर्गात एक वेगळी शांतता पसरते, असा अनुभव आहे. सालोमालोला मुले मनमुराद हसतात, नजराण्यापाशी थांबतात. याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. या तालुक्याने धरणासाठी जमीन जाऊ नये म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. याच तालुक्यात पुढे हिंजवडीची संगणकनगरी उभी राहिली आणि जमिनीला असे भाव आले की, नांगर धरणाऱ्या पिढीने ते कधी ऐकलेही नव्हते. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाचा विषयच जमीन विकून हाती आलेला पैसा आणि त्यानंतरची वाताहत हा आहे. वर्गातील कित्येकांच्या घरी हा नजराणा येऊन गेलेला आहे. कोणी तो घेतला, कोणी नाकारला. आणि घेण्या-नाकारण्यावरून आई-वडिलांत, भावाभावांत काय बोलणी झाली हे त्या मुलांनी ऐकलेले आहे. नकार हा नेहमी थोर आणि स्वीकार हा नेहमी क्षुद्र, असे सांगून हा प्रसंग त्यांच्यासमोर संपवता येत नाही. एका विद्यार्थिनीने विचारले होते की, नजराणा परत करण्याआधी तुकारामांनी जिजाईला विचारले होते का? या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही. पण तो प्रश्न चित्रपटाच्या बाहेरून आलेला नाही. गौरी यांच्या जिजाईनेच तो तेथे ठेवून दिला आहे.

वैकुंठगमन

शेवटच्या भागात गरुडाचे विमान येते. १९३६ च्या तंत्राने केलेली ती दृश्ये आज थोडी बाळबोध दिसतात, तरी त्यांचा परिणाम ओसरलेला नाही. तुकाराम जिजाईला सोबत येण्यास सांगतात. हे निमंत्रण आख्यायिकेतही आहे. ती जात नाही. तिला विमान दिसत नाही म्हणून नव्हे, की तिची श्रद्धा कमी पडली म्हणूनही नव्हे. घरात कामे पडली आहेत म्हणून. संतचरित्रात या नकाराचा अर्थ संसाराची आसक्ती असा लावला जातो. पडद्यावर तो तसा उरत नाही, कारण तोपर्यंत दोन तास आपण तिची चूल पाहिलेली असते. जमिनीवर उभी राहून ती वर पाहते तेव्हा कॅमेरा तिला छोटी करीत नाही. आंब्रीकूरचा धर्मगुरू मरतो तेव्हा ब्रेसाँ पडद्यावर केवळ क्रूसाची छाया ठेवतात. माणूस नाहीसा होतो आणि चिन्ह उरते. प्रभातच्या चित्रपटात माणूस आकाशात जातो आणि खाली बायको उरते.

परंपरेप्रमाणे त्या वेळी जिजाई गरोदर होती. तुकारामांच्या पश्चात जन्मलेल्या या मुलाचे नाव नारायण. आषाढी वारीत देहूहून पंढरपूरला पालखी नेण्याचा प्रघात १६८५ मध्ये याच नारायण महाराजांनी सुरू केला.